बसतंय की!

नानांची पिकअप रिकामी उभी असली तरी तिच्यात माल भरलाय असंच वाटतं. मागचा भाग रस्त्याला टेकायला आलेला, बॉनेटचं तोंड आभाळाकडे. रात्री ती हैदराबादेत, कुकटपल्लीच्या केपीएचबी कॉलनीत, सहाव्या फेजमध्ये आमच्या गल्लीत लागते. नवा वॉचमन असेल तर तो हमखास मागे जाऊन ताडपत्री उचलून बघतो. आत एक स्टेपनी, एक दोरखंड आणि नानांची चटई. वॉचमन बुचकळ्यात पडतो. जुना वॉचमन त्याला समजावतो, "खालीच है. नाना की गाडी ऐसीच बैठती."

नाना म्हणजे एकच एक माणूस समजू नका. मियापूरपासून मूसापेटपर्यंत मेट्रोच्या खांबांखाली, रैतू बाजारच्या मागे, टाइल्सच्या गोदामांपुढे असे नाना ढिगाने सापडतील. कुणी तेलुगू, कुणी कानडी, कुणी जुन्या शहरातले दख्खनी बोलणारे. आमचे मराठी आहेत, एवढाच फरक. सगळ्यांची खूण एकच. समोरच्याने विचारायचं, "एवढं मावेल का हो?" आणि यांनी मालाकडे न बघता म्हणायचं, "बसतंय की!"

गाडीच्या कागदांवर क्षमता लिहिली आहे १,३०० किलो. पन्नास किलोची सव्वीस पोती. नानांना हा आकडा तोंडपाठ आहे, कारण त्यांची मोजणी तिथून सुरू होते. "सव्वीस तर कंपनीनं लाजून लिवलेत," ते म्हणतात. "कंपनीवाला कोर्टकचेरीला भ्यालेला माणूस. त्यानं निम्मंच सांगितलंय." मी एकदा त्यांना कायदा सांगायला गेलो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "दंड पकडल्यावर. पकडायला गाडी थांबावी लागती. एवढ्या मालावर आमची गाडी थांबतीय कुठं?"

नाना मूळचे उदगीरचे. कुकटपल्लीत येऊन किती वर्षं झाली असं विचारलं की रागावतात. "आम्ही आलोच न्हाई. आमची राजधानी हितंच होती. सरकार उठून मुंबईला गेलं, त्याला आम्ही काय करावं?" हिशेब चुकीचा नाही. उदगीर तेव्हा हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबईकडे गेला. उदगीर आधी उस्मानाबाद जिल्ह्यात आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात. नानांच्या मते ही सगळी वाहतूक कागदावरची. माल अजून जुन्याच दिशेने चाललाय, आणि तो नाना चालवतात: उदगीर, बीदर, जहीराबाद, तिथून ६५ नंबरचा महामार्ग, संगारेड्डी, पटानचेरू, मियापूर, कुकटपल्ली. येताना तूरडाळ. जाताना जे मिळेल ते.

आणि मधल्या दिवसांत शिफ्टिंग. केपीएचबीत हॉस्टेलं अमाप. सॉफ्टवेअरची पोरं दर तीन महिन्यांनी जेवण बिघडलं म्हणून हॉस्टेल बदलतात. अशाच एका पोराने नानांना बोलावलं. सामान म्हणजे एक गादी, दोन बॅगा, एक कॉम्प्युटर. पोरगा मियापूरला पोहोचला तेव्हा मॉनिटर त्याच्या मांडीवर होता, मागे त्याच्या गादीवर कुणाचं तरी लोखंडी कपाट आणि कपाटावर ग्रॅनाइटच्या चार लाद्या होत्या, आणि त्याच्या शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या. आजी कुणाच्या हे त्याने विचारलं नाही. आजींनीही विचारलं नाही.

हा लोभ आहे असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. लाद्यांचे पैसे नानांनी घेतलेच नव्हते आणि आजींना ते दारापर्यंत सोडून आले. नानांना भीड आहे. कुणी हात दाखवून "जरा एवढं..." म्हटलं की त्यांची मान आपोआप मागच्या हौद्याकडे वळते आणि तिथे त्यांना जागा दिसते. ती फक्त त्यांनाच दिसते.

ही भीड सोसायचं काम पाट्यांकडे. पाटा हा फार जुना नोकर. १८०४ च्या सुमारास इंग्लंडात ओबाडाया एलियट नावाच्या गाडी बांधणाऱ्याने घोडागाडीखाली लंबगोल पाटे बसवले आणि आत बसलेल्यांच्या बरगड्या वाचवल्या. घोडे गेले, पाटे राहिले. आपल्या अँबॅसडरच्या मागेही पाटेच होते, २०१४ ला उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडेपर्यंत. चैनीच्या गाड्यांनी केव्हाच गुंडाळीच्या स्प्रिंगा घेतल्या; माल वाहणाऱ्यांनी पाटा सोडला नाही. कारण तो नुसता वजन पेलत नाही, एक्सललाही जागेवर धरून ठेवतो. आणि पाटे एकमेकांवर घासतात त्यातच धक्क्याचा बराचसा जोर मरतो. सगळ्यात वर मेन पाटा, दोन्ही टोकांना डोळे वळवलेला. त्याखाली एकेक आखूड होत जाणारे बाकीचे. मधून सेंटर बोल्ट. दोन यू-बोल्टांनी सगळा गठ्ठा एक्सलला आवळलेला. पुढचा डोळा चासीला पक्का. मागचा शॅकलमध्ये झुलता, कारण वजन पडलं की पाटा सपाट होतो, म्हणजे लांब होतो, आणि त्या वाढलेल्या लांबीला कुठेतरी जायला हवं.

हे सगळं मला नानांनी सांगितलेलं आहे. गाडीखाली उताणं पडून, एकेका भागाला पान्याने टकटक करत, एखाद्या प्राध्यापकाला लाजवेल अशा विस्ताराने. तेव्हा नानांना कळत नाही असा कुणी समज करून घेऊ नये. वजन जास्त झालं की काय होतं ते त्यांना उत्तम कळतं. त्यांचा उपाय वेगळा आहे, इतकंच. पाटे बसले की माल कमी करायचा नाही, एक पाटा वाढवायचा. त्यानेही भागलं नाही तर आणखी एक. एक पाटा कुणाच्या तरी जुन्या जीपचा, एक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा कापून घेतलेला, एक भंगारात सापडलेला. त्याचं मूळ गाव अजून कळलेलं नाही. चासी आणि एक्सलच्या मध्ये जुन्या टायरचा तुकडा. मागे काळी बाहुली आणि एक फाटका बूट, दृष्ट लागू नये म्हणून. पाट्यावर माणसाची दृष्ट पडते ती गाडी रस्त्यात मोडल्यावर, त्याआधी तिकडे कोण बघतं?

डावा मेन पाटा तुटला तो संगारेड्डीच्या अलीकडे. नाना म्हणतात, "आवाज आला, पण त्यावेळी गाणं चालू होतं." पाटा बरोबर मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटला. त्यामुळे डाव्या बाजूचा एक्सल चार बोटं मागे सरकला आणि गाडी तिरकी चालू लागली. तोंड एकीकडे, चाल दुसरीकडे. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. नाना पुढचे आठ दिवस गाडी तशीच चालवत होते. सरळ जायला स्टिअरिंग डावीकडे धरून ठेवायचं, बस. जेएनटीयूच्या चौकात मागच्या लोकांना वाटायचं हे वळतायत. ते वाट द्यायचे. नाना वळायचेच नाहीत. "हैदराबादेत आपल्याला लोक रस्ता देऊलालेत," ते कौतुकाने सांगत होते, "पहिल्यांदाच."

शेवटी उजवं मागचं टायर एका कडेने झिजून आतली तार दिसायला लागली. टायरला पैसे पडतात. तेव्हा नाना उस्तादकडे गेले.

उस्तादचं गॅरेज मूसापेटच्या बाजूच्या एका गल्लीत. पत्र्याचं छप्पर, शेजारी भंगारवाला, समोर पंक्चरवाला. उस्ताद साठीचे, गाडीखाली जाताना टोपी काढून खिळ्याला लावणारे. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि बाहेर आले. "मेन पाटा गया, नाना. दो टुकडे. दोनों साइड का सेट डालना पडता."

"उजवीकडचा चांगला है की! उसको काइकू हात लगाना?"

"एक साइड नया डाले तो गाडी टेढी खडी रहती. नया उठाता, पुराना बैठता. एक पाँव में नई चप्पल, एक में पुरानी पहन के चलते क्या आप?"

उस्तादचा नेम चुकला. नानांनी पाय पुढे केले. एक चप्पल खरोखरच नवी होती, दुसरीचा अंगठा तारेने शिवलेला. देवळाबाहेर अदलाबदल झालेली. "चलते की! श्रावण से चलते."

उस्तादने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग गॅरेजमधला तेलुगू पोरगा, जो एरवी तोंड उघडत नाही, टायर ढकलता ढकलता म्हणाला, "रेंडु वैपुला मार्चाली, नाना." दोन्ही बाजूंचे बदलायलाच हवेत. नानांनी हे का ऐकलं, ते मला कळलेलं नाही. बहुधा मजुरी त्या पोराला मिळणार नव्हती, म्हणून त्याचा त्यात स्वार्थ दिसला नाही. "बरं," नाना म्हणाले, "पण यू-बोल्ट जुनेच."

यावर उस्तादने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. ही त्यांची काम न करण्याची खूण. मग बराच वेळ यू-बोल्टांवर व्याख्यान झालं. यू-बोल्ट एकदा कचकचून आवळला की ताणला जातो, आटे दबतात. दुसऱ्यांदा तो तसा धरत नाही. तो ढिला पडला की गठ्ठा मधून हलतो, सगळी वाक मधल्या भोकावर येते आणि पाटा तिथेच तुटतो. "आपका ऐसेइच टूटा. पिछली बार आप पाटा बढाए, यू-बोल्ट वहीच पुराने लगाए. किसने लगाए?" कुणी लावले ते नानांना आठवेना. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख मात्र अजून काळंच होतं.

राणीगंजला पाटे आणायला गेलो ते उस्तादच्या स्कूटरवर. सिकंदराबादच्या या भागात गाडीचा कुठलाही भाग मिळतो. नानांनी दुकानात शिरताच एक मेन पाटा मागितला. सुटा. दुकानदार म्हणाला पूर्ण सेट घ्या. नाना म्हणाले सेटमधले बाकीचे तुम्हाला ठेवा, हिशेबात धरून. दुकानदाराने गाव विचारलं. "उदगीर!" नाना छाती काढून म्हणाले, "१७६० साली आम्ही निजामाला तिथं हरवलंय. त्या मानानं काही तरी कमी करा."

दुकानदाराने बिलबुकातून मान वर न करता सांगितलं, "वो तो अगले साल पानिपत में बराबर हो गया ना, नाना."

गप्प झालेले नाना मी तेव्हा पाहिले. दोन सेट, चार यू-बोल्ट, आठ बुश, नवे शॅकल, सगळं एका दमात घेतलं. परत येताना स्कूटरवर पाटे मधे, मी मागे. दोन सेटचं वजन चांगलंच असतं. ते आधी कुठे पडलं असेल तर माझ्या गुडघ्यांवर.

दुरुस्तीच्या दिवशी सकाळी नाना गाडी घेऊन आले आणि उस्तादने कपाळाला हात लावला. गाडीत पोती होती.

"खाली गाडी लाने को बोला था."

"रिकामी गाडी आणायची म्हणजे डिझेल वाया. अन् आज लई न्हाईत. गाडी आजारी हाय म्हणून बावीसच."

म्हणजे अकराशे किलो. गाडीच्या आयुष्यात पहिल्यांदाच माल कागदावरच्या क्षमतेत बसला होता, आणि तेव्हाच नेमका तिला पाटा नव्हता.

पोती उतरवावी लागली. उस्तादने साफ सांगितलं, चासी ठोकळ्यांवर घ्यायची आणि खाली माणूस जाणार, वर अकराशे किलो ठेवून मी कुणाला खाली पाठवणार नाही. नानांना हे पटलं. माणसाच्या बाबतीत ते कधी "बसतंय की" म्हणत नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. तिघांनी मिळून पोती गॅरेजच्या दारात रचली. पुढच्या चाकांना दगड लावले. मागून चासी उचलून लाकडी ठोकळ्यांवर घेतली, एक्सलखाली जॅक, चाकं काढली. पाट्यांवरचं वजन गेलं.

आता यू-बोल्टच्या नटांची पाळी. रात्री त्यांच्यावर डिझेल सोडून ठेवा म्हणजे गंज सुटेल, असं उस्तादने आदल्या दिवशी बजावलं होतं. नानांनी सोडलं नव्हतं. "डिझेल टाकीत असतंय. बोल्टवर कोण घालतंय?" पान्याला चार फुटी पाइप लावून पोरगा लोंबकळला तेव्हा एक नट हलला. दुसरा हललाच नाही. शॅकलची पिन बुशमध्ये इतकी रुतली होती की घणाच्या प्रत्येक ठोक्याला छपरावरचा गंज खाली पडत होता. शेवटी गॅस आला.

त्याच सुमाराला रस्त्याने जाणारी एक बाई थांबली. पोत्यातून सांडलेले चार दाणे तिने तळहातावर घेतले, दाताखाली धरले आणि विचारलं, "कंदिपप्पु किलो एंता?"

नानांनी भाव सांगितला. भाव बाजारापेक्षा कमी असणार, कारण बाई पिशवी आणायला घरी धावली आणि येताना आणखी चौघींना घेऊन आली. तराजू नव्हता. शेजारच्या भंगारवाल्याचा काटा आला. त्याच्यावर तेव्हा कुणाचा तरी जुना रेडिएटर होता, तो बाजूला ठेवून काट्यावर वर्तमानपत्र अंथरलं. पंक्चर काढायला थांबलेल्या दोन स्कूटरवाल्यांनी पाच-पाच किलो नेली. गॅसवाल्याने सिलिंडर बंद केला आणि आधी डाळ घेतली. उस्तादच्या घरून निरोप आला, दहा किलो ठेवा.

मी एका बाजूला गाडी सुटी होताना पाहत होतो आणि दुसऱ्या बाजूला पोती. गाडीखालून जे निघालं ते बघायला मात्र गिऱ्हाइकंसुद्धा थांबली. कंपनीचे पाटे कोणते आणि नानांनी घातलेले कोणते हे वेगळं काढायला उस्तादला खडूने खुणा कराव्या लागल्या. टायरचा तुकडा निघाला. आणि उजव्या बाजूने, टायरच्या तुकड्यावर उंची भरायला घातलेलं, सागवानी लाकडाचं एक अर्धगोल फळकुट निघालं. काळं पडलेलं, पण कडेची नक्षी शाबूत. पोळपाट होता. अर्धा. काकूंचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, पोळपाट दिवाळीपासून सापडत नव्हता हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. कामवाल्या बाईवर संशय जाऊन तिने एकदा काम सोडल्याचंही माहीत होतं. नानांनी ते फळकुट उस्तादच्या हातातून घेतलं आणि डाळीच्या पोत्यात खोल दाबलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरा अर्धा डावीकडं होता. तो संगारेड्डीला पडला."

नवे पाटे बसवणं त्यामानाने सोपं. पुढचा डोळा आधी, मग शॅकल. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात बरोबर बसलं पाहिजे. ते बसलं की एक्सल आपल्या जागी येतो आणि तिरकी चाल संपते. यू-बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे, चारी नट सारखे. एक आधी पूर्ण आवळला तर गठ्ठा वाकडा धरला जातो. दुपारचे तीन वाजले होते. पोती बावीसची तेरा झाली होती.

मग उस्ताद म्हणाले, डोळ्यांतले आणि शॅकलचे बोल्ट आत्ता नुसते लावून ठेवलेत, पक्के आवळलेले नाहीत. चाकं लावून, गाडी खाली घेऊन, पाट्यांवर वजन आल्यावरच ते आवळायचे. हवेत लटकलेले असताना आवळले तर गाडी खाली आल्याबरोबर बुशचं रबर पिळलं जातं आणि महिन्याभरात फाटतं.

नाना डाळ मोजता मोजता थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी विसरणार नाही. "ऐकलं का?" ते मला म्हणाले, मग गिऱ्हाइकांना, मग रस्त्याला. "वजन ठेवल्याशिवाय कामच पुरं होत न्हाई! ह्ये मी किती वर्षं सांगायलाव!" आणि त्यांनी एक पोतं उचललं.

"गाडी का अपना वजन बस है, नाना," उस्ताद ओरडले.

"असंल," नाना म्हणाले आणि तेराही पोती आत गेली. त्यानंतरच बोल्ट आवळायची परवानगी मिळाली.

मजुरीचा हिशेब झाला तो असा. उस्तादने आकडा सांगितला. नानांनी त्यातून घरची दहा किलो डाळ वजा केली. उस्तादने जॅकच्या भोवती सांडलेली डाळ पोराने झाडून भरली त्याचे पैसे लावले. गॅसवाल्याने आपले दोन किलो आधीच नेले होते. भंगारवाल्याने काट्याचं भाडं मागितलं नाही, पण जुने पाटे किलोवर मागितले. बाकीची देवाणघेवाण झटक्यात मिटली, इथे मात्र नाना अडले.

नवी गाडी, म्हणजे नव्या पाट्यांची गाडी, त्यांना आठवडाभर रुचली नाही. रिकामी असताना मागून उंच उभी राहायची, प्रत्येक स्पीडब्रेकरवर उसळायची. हेडलाइट आता रस्त्यावर पडत होते. पूर्वी ते समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पडायचे. "डोकं टपाला लागूलालंय," नाना तक्रार करत होते. दोन-चारशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, असं उस्तादने सांगितलं होतं. नाना गेले नाहीत. उस्तादच एका रविवारी डाळ न्यायला आले, पिशवी भरली जाईपर्यंत टोपी काढून माझ्या खिडकीच्या गजाला लावली आणि पाना घेऊन गाडीखाली शिरले. तोवर नानांना गुलमोहराच्या ओंडक्यांचं भाडं मिळालं होतं आणि उसळणं थांबलं होतं.

राहिले जुने पाटे. भंगारवाला दर वाढवत होता, नाना हलत नव्हते. पाट्याचं पोलाद साधं नाही, हे खेड्यातल्या कुठल्याही लोहाराला ठाऊक असतं. तापवून, ठोकून, पाणी दिलं की त्याची धार टिकते. आपल्याकडचे कितीतरी कोयते, विळे, कुऱ्हाडी आधी कुठल्या तरी ट्रकखाली आयुष्य काढून आलेल्या असतात. नानांनी सगळे पाटे, तुटलेलेसुद्धा, गाडीत टाकून उदगीरला नेले आणि रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या घिसाड्याकडून त्यांचे कोयते करून आणले. अनोळखी मूळ गावाच्या पाट्याचा सगळ्यात चांगला निघाला म्हणे. तो त्यांनी मला दिला.

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या घरी कोयत्याने तोडण्याजोगं काही नाही. एक तुळस आहे, तिला हात लावायचा नाही. आमच्या फाटकावर नोंदवहीत 'आणलेली वस्तू' असा रकाना आहे. वॉचमनने माझ्या हातातल्या वस्तूकडे बघून पेन खाली ठेवलं. कोयता वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेला. महिन्याभराने नाना चहाला आले, त्यांनी तो मागितला, धारेवर अंगठा फिरवला आणि त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. "वापरला न्हाई?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते उसाची मोळी घेऊन आले. पंचवीसेक ऊस, मुळापासून शेंड्यापर्यंत अखंड, पाचटासकट. सोबत दोन पोरं, डाळीचं एक पोतं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं वॉशिंग मशीन. त्या खाली रिक्षातून उतरवत होत्या, नानांना बघवलं नाही. सगळं लिफ्टमध्ये गेलं. बाई गेल्या. पोरं गेली. मी गेलो. नाना शेवटी आत आले, ऊस तिरके धरून. लिफ्टच्या आत पाटी होती: सहा व्यक्ती, ४०८ किलो. नानांनी ती चष्मा लावून वाचली. मग त्यांनी पायाने लिफ्टचा तळ दोनदा दाबून पाहिला आणि मला विचारलं,

"ह्याला पाटे कुठं असतेत?"

"पाटे नसतात, नाना. वरून तारेचे दोर असतात."

नानांनी छताकडे बघितलं. "मग सोपं हाय. आणखी एक दोर वाढवायचा की."